बारीक आवाज

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी थर्मामीटर वाजला आणि तो तिला ऐकू आला नाही. घटना एवढीच. ती पलंगाच्या कडेला बसून हेडफोनची वायर गुंडाळत होती, नवरा तोंडात थर्मामीटर धरून छताकडे बघत पडला होता, आणि मग तिच्या लक्षात आलं की तो चौकातल्या पोलिसासारखा हात हलवतोय. "थांब रे, वाजू दे," ती म्हणाली. त्याने थर्मामीटर तोंडातून काढला. "केव्हाचा बोंबलतोय बिचारा. बहिरी झालीस की काय?" ती हसली. तोही हसला, मग खोकला. आकडा शंभराच्या वर होता. "आजचं रद्द करते," ती म्हणाली, तर त्याने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि म्हणाला, "जा गं. मी काही उडून जात नाही. तुझे पक्षी जातील." त्याचं बरोबर होतं. तिने औषध, पाणी आणि फोन त्याच्या हाताशी ठेवला, थर्मामीटर डबीत घालताना पुन्हा एकदा बटण दाबलं आणि कानाशी धरला. चालू होताना तो एकदा वाजतो हे तिला माहीत होतं. घरात हा थर्मामीटर चार-पाच वर्षं होता. तो वाजला असेल. आकड्यांच्या जागी रेघा आल्या, म्हणजे वाजलाच असेल. स्वयंपाकघरात नळ गळत होता, तो थेंब न् थेंब ऐकू येत होता. फ्रीजची घरघर, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याच्या चपला, खाली गाडीचं दार. सगळं जागच्या जागी होतं. जिना उतरताना तिने बोटं कानाजवळ एकमेकांवर घासून पाहिली, आधी डाव्या, मग उजव्या. कागदासारखा कोरडा आवाज आला. आला ना, ती स्वतःशी म्हणाली, आणि तरी तळमजल्यापर्यंत बोटं घासतच राहिली.

गाडीत दिग्दर्शिका होती. वयाने तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, हातात कॉफी, डोक्यात एकाच वेळी सहा कामं. तिने नदीच्या मुखावरच्या राखीव पाणथळीवर माहितीपट केला होता. चित्रीकरण संपलं होतं, संकलन संपलं होतं, आवाज अडला होता. आवाज अडला तो हिने अडवला म्हणून. ही शहरातल्या एका स्टुडिओत बावीस वर्षं ध्वनिमिश्रण करत होती आणि तिला सगळे 'कान' म्हणत. कानाला विचारा, कानाने नापास केलं, कान आज रजेवर आहे. आधी थट्टेत आणि मग सवयीने. फिल्मचे आवाज गोळा केले होते बगळ्याने. बगळा म्हणजे तिचाच जुना सहकारी, सहा फुटांच्या वर, लांब काठीला मायक्रोफोन लावून तासन् तास चिखलात एका पायावर उभा राहील असा माणूस. तो महिनाभर त्या पाणथळीत राहिला आणि त्याने फायली पाठवल्या. तिने ऐकल्या आणि परत पाठवल्या. वारा आहे, पाणी आहे, जीव नाही, असं लिहून. त्याने पुन्हा पाठवल्या. तिने पुन्हा परत पाठवल्या. बोरूच्या उंच पाणगवतात वसंतात बारक्या पक्ष्यांचा गलका असतो हे शेंबडं पोरही सांगेल, तिने फोनवर सुनावलं होतं, आणि याच्या फायलीत बोरू नुसता सळसळतोय, स्मशानातल्यासारखा. तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, दिग्दर्शिकेने फायली उघडूनही पाहिल्या नाहीत. बगळ्याला फिल्ममधून काढलं, आणि ही बातमी शहरातल्या इतर स्टुडिओंत त्याच्याआधी पोचली. त्याच्या जागी पक्ष्यांचे आवाज टिपायला आज ती स्वतः निघाली होती. "आज संध्याकाळी पुढच्या मालिकेची माणसं ठरतायत," दिग्दर्शिका गाडी वळवत म्हणाली. "मला विचारतील त्याच्याबद्दल. मी काय सांगू? पंचवीस वर्षांचा अनुभव आणि साधी पाखरं पकडता येत नाहीत? वय झालं ताई त्याचं. कान गेले असतील." ती खिडकीतून बाहेर बघत होती. दिव्यांचे खांब मागे पळत होते. "आणि उर्मट किती! त्याला म्हटलं, ती असं म्हणते, तुझं काय म्हणणं? तर काय म्हणाला माहितीये? म्हणाला, तिला म्हणावं, पडदा चालू कर. बस्स. म्हणजे काय गं?"

म्हणजे काय ते तिला माहीत होतं. फायली ऐकताना ती संगणकाचा पडदा बंद ठेवत असे. पडद्यावर आवाज दिसतो: जाड आवाज खाली, बारीक आवाज वर, रंगीत ढगांसारखा. नवी मुलं तो बघत बघत काम करतात, आणि ती त्यांना म्हणायची, डोळ्याने ऐकायला आलात की कानाने? ज्याला ऐकू येतं त्याला आरसा लागत नाही. मुलं मान डोलवायची. हे तिचं वाक्य स्टुडिओत प्रसिद्ध होतं, आणि अंधाऱ्या खोलीत काळ्या पडद्यासमोर डोळे मिटून बसलेली ती हेही एक प्रसिद्ध चित्र होतं. कुणीतरी त्याचा फोटो काढून कॉरिडॉरमध्ये लावला होता. "रागावलाय," ती दिग्दर्शिकेला म्हणाली. "रागात माणूस काहीही बोलतो." आणि हे म्हणताना तिला बगळ्याचा आवाज आठवला, तो रागावलेला नसायचाच कधी, फार तर कंटाळलेला. दुसरंही एक आठवलं, जे आठवायचं काही कारण नव्हतं. स्टुडिओतला तंत्रज्ञ, वायरींच्या जंजाळात कायम गुडघ्यांवर बसलेला शांत माणूस, सहा महिन्यांपूर्वी दारात उभा राहून म्हणाला होता, "रागावू नका, पण हल्ली तुमचं मिक्सिंग जरा तिखट होतंय. वरचे, बारीक आवाज टोचतात." तिने उलट विचारलं होतं, "स्पीकर कधी तपासलेस शेवटचे?" त्याने त्याच आठवड्यात तपासले. चांगले होते. नाचता येईना अंगण वाकडं, ती मनात म्हणाली, आणि ते कुणाला म्हणाली ते तिचं तिलाच कळलं नाही. दिग्दर्शिकेने रेडिओ लावला. ती प्रत्येक शब्दातला 'स' ऐकायचा प्रयत्न करत राहिली. 'स' येत होता. पण 'स' येईल हे आधीच माहीत असल्यामुळे येत होता की खरंच येत होता, हे कसं ठरवायचं?

नदी तिथे एक राहत नव्हती. गाडी बंधाऱ्यावर थांबली तेव्हा समोर पाण्याच्या दहा-बारा वाटा होत्या, मध्ये बोरूची बेटं, गाळाचे उघडे पट्टे, आणि पलीकडे कुठेतरी समुद्र, जो दिसत नव्हता पण ओठांवर खारट लागत होता. ऊन चढलं होतं. रक्षकाने होडी काढून ठेवली होती. पन्नाशीचा, पायात गुडघ्यापर्यंत बूट, बोलायला मोकळा. "पांढरे खांब दिसतात ना, तिथपर्यंत मोटार. त्याच्या आत बांबूने होडी ढकलायची," तो म्हणाला. "आत मोठ्याने बोलायचं नाही, अत्तर नाही, खाणं नाही. मॅडम, तो फोन मुका करा." दिग्दर्शिकेने विचारलं, "शिंक आली तर?" "शिंका की. पण एकदाच. दुसऱ्या शिंकेला दंड." तो हसत होता. मग हिच्या काठीकडे, मायक्रोफोनवरच्या केसाळ टोपीकडे बघून म्हणाला, "हे मांजर ओळखीचं आहे. ते उंच साहेब आणायचे. काय करतात ते?" दिग्दर्शिका म्हणाली, "ते आता या कामावर नाहीत." "अरेरे," रक्षक म्हणाला आणि मोटार सुरू केली. मोटारीच्या आवाजात तिला बरं वाटलं. जाड, भरीव, शंका न येणारा आवाज. पाणकावळे खांबांवर पंख वाळत घालून बसले होते. एका उथळ पाण्यात चमचा-पक्षी रांगेने चोची डावीउजवीकडे फिरवत चालले होते, गवत कापणाऱ्यांसारखे. गाळावर पाणमांजराच्या ओल्या वाटा होत्या आणि त्या वाटेवर माशांचे खवले चमकत होते. ती हे सगळं बघत होती आणि बघणं तिला नको होतं. तिला ऐकायचं होतं. खांबांपाशी मोटार बंद झाली आणि शांतता अंगावर आली, आणि तिने घाईने हेडफोन चढवले, कुणी काही विचारायच्या आत.

तिचे वडील घड्याळं दुरुस्त करत. जिन्याखालची जागा, एक काचेचं टेबल, डोळ्याला भिंग. ती शाळेतून आली की दुकानातल्या स्टुलावर बसायची आणि वडील एक खेळ खेळायचे. एखादं मनगटी घड्याळ तिच्या कानाशी धरायचे. चालू असेल तर तिने बोट वर करायचं, बंद असेल तर नाही. बायकांची घड्याळं सगळ्यात अवघड असायची, मुंगी चालावी इतका बारीक त्यांचा आवाज. ती कधी चुकायची नाही. "आमच्या लेकीचा कान म्हणजे कान आहे," वडील गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि गिऱ्हाईक कौतुकाने बघायचं, आणि ती फुलून जायची. तिचं अख्खं आयुष्य त्या स्टुलावरून सुरू झालं असं ती मुलाखतीत सांगत असे. जे सांगत नसे ते हे, की ती शिकायला दुसऱ्या गावी गेल्यावर वर्षभरात दुकानाची रया गेली. सुट्टीत आली तर वडील घड्याळ दातांत धरून बसलेले दिसले. "हे काय, बाबा?" "नव्या गिऱ्हाइकाचं, चव बघतोय." ती हसली. त्याच सुट्टीत एक शिक्षिका आल्या आणि काउंटरवर घड्याळ आपटून म्हणाल्या, मी पट्टा बदलायला दिलं होतं, तुम्ही चालू घड्याळ उघडलंत कशाला? वडिलांनी हो हो म्हटलं, हसले, नवा पट्टा घातला. आई आतून म्हणाली, "तुझ्या बाबांचं लक्ष नसतं हल्ली." एवढंच. घरात त्या गोष्टीला याहून दुसरं नाव कधी मिळालं नाही.

होडी बोरूच्या भिंतीला लागून सरकत होती. हेडफोनमध्ये पाण्याचा चुळुकचुळुक आवाज होता, बांबू गाळातून सुटताना होणारा ओला फटकारा होता, दिग्दर्शिकेच्या पोटात कॉफी गुरगुरत होती, दूर कुठेतरी बगळ्यांची वसाहत खाकरत होती. आणि बोरूची सळसळ. वारा आहे, पाणी आहे. तिला एक क्षण समाधान वाटलं, अगदी दुष्ट समाधान: बघा, मी म्हणत होते, इथे या हंगामात काहीच नाही. मग तिची नजर मांडीवरच्या ध्वनिमुद्रण यंत्राकडे गेली. यंत्रावर छोट्या हिरव्या दिव्यांची एक ओळ असते. आवाज आला की दिवे उजळतात, थांबला की विझतात. ही ओळ झाकायला ती एरवी चिकटपट्टी लावत असे, पण हे यंत्र उसनं होतं. दिवे उजळत होते. विझत होते. पुन्हा उजळत होते. होडीचा धक्का असेल, तिने हात वर करून रक्षकाला थांबवलं. होडी थांबली. दिवे चालूच. वाऱ्याला अशी शिस्त नसते. "ऐकलीत?" रक्षक पुटपुटला आणि बोरूवरच्या आभाळाकडे बोट केलं. "सुई. आम्ही सुई म्हणतो तिला. पुस्तकात वटवट्याच्या जातीतली म्हणून लिहितात." बोराएवढा तपकिरी पक्षी हवेत चढत होता, न दिसणाऱ्या पायऱ्यांवरून उड्या माराव्यात तसा. एक उडी, थोडा खाली. एक उडी, थोडा खाली. प्रत्येक उडीला तिच्या मांडीवरचे दिवे उजळत होते. "अगं बाई, किती बारीक!" दिग्दर्शिका कुजबुजली. "शिवल्यासारखं वाटतंय आभाळ. आणि त्या तिकडे अजून एक. तिकडे पण! ताई, हेच ना? हेच नव्हतं ना त्याच्या फायलीत?"

उडी आणि दिवा. उडी आणि दिवा. तिने आवाजाचं बटण वाढवलं. सळसळ मोठी झाली, वारा गर्जायला लागला, बगळे कानात येऊन खाकरले, आणि त्या सगळ्याच्या वर, जिथे काहीतरी असायला हवं होतं, तिथे स्वच्छ पुसलेली पाटी होती. भयंकर हे नव्हतं की तिथे अंधार होता. भयंकर हे होतं की तिथे अंधारही नव्हता. कुठे काही तुटलंय, कमी आहे, असं वाटतच नव्हतं. जग पूर्ण होतं. एक खंड्या वाळलेल्या फांदीवरून सुटला, पाण्यालगत निळी रेघ मारून गेला, त्याची चोच उघडी होती. तिने फक्त चोच पाहिली. किती दिवस? तिखट मिक्सिंगला सहा महिने झाले. त्याआधी किती? थर्मामीटर शेवटचा कधी ऐकला होता? सासूच्या आजारपणात? की तेव्हाही नवराच 'वाजला' म्हणत होता? ती आठवणीतले आवाज एकेक उघडून बघू लागली आणि आठवणीत सगळे आवाज होते, ताजे, बारीकसारीक. आठवणीला कान लागत नाहीत, हाच घोळ होता. बगळ्याच्या फायली आठवल्या. सुरुवातीला त्याने हळू आवाजात नोंद केलेली असायची, तारीख, वारा कुठला, आणि एका फायलीच्या सुरुवातीला तो हसून म्हणाला होता, "आज बाजार भरलाय." त्यानंतर अर्धा तास सळसळ. तिला तेव्हा वाटलं होतं, दारू प्यायला असेल. पडदा चालू कर. एवढ्या तीन शब्दांत तो सांगून मोकळा झाला होता, आणि तेही दिग्दर्शिकेला कळू नये अशा बेताने. त्याने तिला लपायला जागा ठेवली होती, स्वतः उघड्यावर उभं राहून.

"ताई, मिळतंय ना नीट?" दिग्दर्शिकेने विचारलं. आणि तिने काय केलं? तिने हेडफोन काढले, सहज, अगदी प्रेमाने, आणि दिग्दर्शिकेच्या डोक्यावर चढवले. "तूच ऐक ना जरा. तुझी फिल्म आहे. कशी येतेय सांग." दिग्दर्शिकेचा चेहरा उजळला. तिने बोट वर केलं. सुई. पुन्हा बोट वर. पुन्हा सुई. ती बोटाकडे बघत राहिली आणि तिने होडीची कड घट्ट धरली. तो खेळ नव्हता. जिन्याखाली, स्टुलावर, कधीच खेळ नव्हता. वडिलांना ऐकू येत नव्हतं. ती सात वर्षांची होती तेव्हापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून. आणि ते तिच्या कानावर दुकान चालवत होते, आणि ती गेल्यावर दातांत जाणवणाऱ्या टिकटिकीवर. त्यांनी तिला विचारलं नाही, सांगितलं नाही, फक्त कौतुक करत राहिले. तिने इतकी वर्षं जी गोष्ट देणगी म्हणून मिरवली ती त्यांची कुबडी होती. आणि पट्टा बदलायला आलेलं चालू घड्याळ त्यांनी उघडलं तेव्हा त्यांनाही असंच वाटलं असेल का, की जग पूर्ण आहे, घड्याळच बंद आहे? "बाई, बरं वाटत नाही का?" रक्षकाने विचारलं. "ऊन लागलं असेल. खाली वाकून बसा." ती वाकली. पाण्यात बोरूची मुळं दिसत होती, त्यांत अडकलेला फेस, एक मेलेला चतुर. वरून दिग्दर्शिका म्हणाली, "केवढं सुंदर आहे! आणि हे त्या माणसाला महिनाभरात मिळालं नाही."

परतीच्या वाटेवर ऊन तिरपं झालं होतं. बंधारा मागे पडला, शेतं गेली, गोदामं सुरू झाली. ती वाक्य जुळवत होती. जुळवलेलं प्रत्येक वाक्य तोंडाशी येऊन दुसऱ्याच कुणाचं तरी वाटत होतं. पेट्रोल पंपावर गाडी थांबली तेव्हा दिग्दर्शिकेने फोन हातात घेतला. "चल, त्यांना कळवून टाकते बगळ्याचं." "थांब," ती म्हणाली. "त्याच्या फायली बरोबर आहेत." दिग्दर्शिका बघत राहिली. "म्हणजे?" "आहेत पक्षी त्यात. सगळे आहेत. माझी चूक झाली." "तुझी?" दिग्दर्शिका हसली, जणू समोरच्याने सूर्य उशिरा उगवल्याचं सांगितलं. "दोनदा? तू? छे. तू चुकणार नाहीस. काहीतरी तांत्रिक असणार. थांब, थांब. स्पीकर! स्पीकर गेला असेल तुझ्या खोलीतला. वरचे आवाज देतच नसेल. असं होतं ना गं?" होतं. असं होतं. स्पीकरमधला बारीक आवाजाचा भाग कधीकधी मरतो, आणि कुणाला कळत नाही; दोन्ही स्पीकरमधला मात्र एकदम मरत नाही. "होतं," ती म्हणाली. तिने फक्त एवढंच म्हटलं, आणि ते खरं होतं. "बघ! मग झालं तर. बिचारा बगळा. हकनाक मेला असता." दिग्दर्शिकेचा अंगठा फोनवर धावत होता. "आणि तो तुमचा तंत्रज्ञ काय झोपा काढतो? त्याचं कामच आहे ना ते? कळवते मालकांना, त्याची चांगली खरडपट्टी काढतील." "त्याने तपासले होते," ती म्हणाली. "काय तपासले? दिसतंयच की." पंपावरचा माणूस नळी काढून झाकण लावत होता. झाकण बसल्याचा टक् आवाज तिला अगदी स्पष्ट ऐकू आला. आता बोलायचं, तिने ठरवलं, आणि गाडी सुरू झाली, आणि दिग्दर्शिकेला कुणाचातरी फोन आला, आणि तो शहर येईपर्यंत संपला नाही.

नवरा उशीला टेकून बसला होता. चेहरा सुकलेला, पण डोळ्यांत थट्टा परत आली होती. "आला का कान घरी? काय म्हणाली पाखरं?" "बरी आहेत," ती म्हणाली आणि थर्मामीटर त्याच्या तोंडात दिला. या वेळी ती आकड्यांकडे बघत बसली. आकडे चढत चढत एका जागी थांबले, लुकलुकायला लागले. ती थांबून राहिली. तो तिच्याकडे बघत होता. त्याने हात हलवला नाही, खूण केली नाही, थर्मामीटर तोंडातच धरून तो नुसता बघत राहिला, आणि मग त्याच्या डोळ्यांतली थट्टा हळूहळू निघून गेली. तिने थर्मामीटर काढून घेतला. "उतरतोय," ती म्हणाली. तो "हो" म्हणाला.

फोन तिने स्वयंपाकघरात जाऊन पाहिला. दोन निरोप होते. एक तंत्रज्ञाचा: मालकांचा फोन आला होता, बरेच रागावलेत, उद्या सकाळी तुम्ही यायच्या आत दोन्ही स्पीकर उघडून ठेवतो. दुसरा बगळ्याचा, ज्याला संध्याकाळीच पुढच्या मालिकेवर घेतल्याचं कळवण्यात आलं होतं. त्याने आभार मानले नव्हते. त्याने एवढंच विचारलं होतं: कुठला स्पीकर गेला? डावा की उजवा?

नळ गळत होता. रात्री नऊपर्यंत तिने दोघांपैकी कुणालाही उत्तर पाठवलेलं नव्हतं.